जपानी पद्धतीच्या वुडब्लॉक प्रिंटसाठी (लाकडी ठशाने केलेली छपाई) ब्लॉकवर केसांच्या रेषा कोरायच्या तर चेरीचं लाकूड घ्यायचं की शिना (जपानी लिंडन झाडाचं) प्लायवूड?

माझं मत आधीच सांगते, बारीक कामाला जपानी पहाडी चेरीच, म्हणजे यामाझाकुरा. उतामारो या जपानी प्रिंट-चित्रकाराची 1790च्या दशकातली बायकांची चित्रं झूम करून बघा, कपाळापाशी केसांच्या रेषा किती बारीक आहेत! आणि त्यातली प्रत्येक रेषा म्हणजे दोन्ही बाजूंचं लाकूड सुरीने काढून मधे उभी ठेवलेली भिंत असते, वरून बारेनचा, म्हणजे कागद घासायच्या गोल चकतीचा, दाब येतो, तोही एकदा नाही, प्रत्येक प्रिंटला. चेरीचं लाकूड घट्ट, तंतू जवळजवळ, म्हणून ती भिंत टिकते. जुन्या वर्कशॉप्समधे चेहरा नि केस मुख्य कारागीर कोरायचा, कपडे वगैरे शिकाऊ लोकांकडे, आणि कधीकधी केसांपुरता चेरीत बॉक्सवूडचा अजून कडक तुकडा बसवायचे, काय डोकं लावलंय बघा.

शिना वाईट आहे असं अजिबात नाही हं, मऊ आहे, स्वस्त आहे, मोठ्या शीटमधे मिळतं, हात पटकन बसतो, आणि रंगाच्या सपाट भागांना तर मी तेच सुचवेन. पण अगदी पातळ रेषेत ते दाबलं जातं, भुगा होऊन कडा तुटते, त्यात सुरी जरा बोथट असेल तर संपलंच. चेरी महाग पडते आणि हात दुखतो हे खरंय, म्हणून फक्त काळ्या रेषांचा की-ब्लॉक चेरीत करा, बाकी रंगांचे ब्लॉक शिनात. सुरी मात्र दोन्हीकडे सारखी धार लावत राहायची.