व्हॅक्यूम क्लॅम्पचं खरं दुखणं बेंचखाली

व्हॅक्यूम क्लॅम्प म्हणजे पंपाने हवा ओढून रबरी कडेच्या गोल हेडवर लाकूड घट्ट धरणारा शिकंजा. पावसाळा तोंडावर असताना घेतलेला माझा क्लॅम्प चतुर्थी उलटली तरी रोज वापरात आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पकडीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती हे युनिट बेंचवर ज्या पद्धतीने बसवून देतात तिच्याबद्दल.

डीलरचा माणूस फोंड्याला आमच्या वर्कशॉपमध्ये आला, बेसप्लेटला चार लाकडी स्क्रू मारले आणि "सगळीकडे असंच बसवतो" म्हणून निघून गेला. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग सागवानी दारांचं काम आलं आणि झडपेच्या (दाराच्या फळीच्या) कडेला रंधा लावला की टोक थरथरायला लागलं. रबर सुटतंय म्हणावं तर व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजचा काटा जागचा हलत नव्हता. शेवटी आमच्या मेस्त्रीने बेसप्लेट आणि बेंच यांच्या फटीवर बोट टेकवलं. "बाब, हे मुळातच हलतंय." स्क्रू काढले तर प्रत्येक भोकातून काळपट भुसा निघाला. आतले आटे पार झिजून गेले होते.

हिशेब करून बघा. २० सेंमी व्यासाच्या हेडखाली ८० टक्के व्हॅक्यूम असला तर जवळपास २५० किलोची पकड मिळते. पण झडप हेडपासून ३ फूट बाहेर असेल आणि टोकावर रंध्याचा १० किलो भार पडला, तर २० सेंमी अंतरावरच्या स्क्रूंवर सुमारे ४५ किलोची ओढ येते, तीही प्रत्येक हातासरशी मागेपुढे. लाकडात नुसता रुतलेला स्क्रू त्यापुढे टिकत नाही. डीलरला फोन केला तर "तुमचा बेंच कमजोर असेल" म्हणाला. बेंच फणसाचा, अडीच इंच जाड, वडिलांनी घातलेला. त्या रागात मी युनिट विकायलाच काढलं होतं.

विकलं नाही ते बोल्टमुळे. बेंचला आरपार भोकं पाडून एम-८ चे (८ मिमी जाडीचे) स्टेनलेस बोल्ट घातले. वर १८ मिमी मरीन प्लायचा तुकडा, बेंचखाली ५ मिमीची लोखंडी पट्टी, मोठे वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असते, थरथरून सैल होत नाहीत). आट्यांना थोडं ग्रीस लावाच, नाहीतर स्टेनलेसचा नट मध्येच जाम होतो आणि कापून काढावा लागतो. लाकडातली भोकं रेषेच्या आडव्या दिशेला लांबट ठेवली, कारण आपल्या पावसात फळी आडवी फुगते, लोखंड फुगत नाही. गोल घट्ट भोक असतं तर जुलैत बोल्ट वाकडे झाले असते. साधे बोल्ट घेऊ नका, खाऱ्या हवेत एका पावसात गंजतात.

तेव्हापासून माझं मत साफ बदललं. झडप उभी, आडवी, तिरकी, कशीही फिरवा, चारही कडा एका बांधणीत होतात. शिकंज्याचे वळ नाहीत, झडप उचलून पुन्हा लावणं नाही. सामानाला म्हापशात जे पैसे गेले ते युनिटच्या किमतीपुढे काहीच नाहीत. मग हे सामान कंपनी खोक्यातच का देत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

लॅमिनेट आणि रंधलेलं सागवान हे हेड छान धरतं. कच्चा एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) हवा झिरपू देतो, मट्टीच्या लाकडाची फळी त्याहून जास्त. अशा वेळी पंप सतत ओढत राहतो आणि फिल्टर भुशाने लवकर भरतो. वीज गेली की लॅमिनेटची झडप थोडा वेळ तरी राहते, मट्टीची लगेच सुटते. म्हणून झडप उभी लावली की खाली लाकडी टेकू हवाच. पाय वाचतो.

हेडच्या रबराची कड आता एका बाजूने उलायला लागली आहे. डीलर सुटी रिंग देत नाही, अख्खं हेडच घ्या म्हणतो. मी ते घेणार नाही. मडगावात गॅस्केट कापून देणाऱ्याकडे नमुना दिला आहे, रिंग आली की कशी टिकते ते इथेच लिहीन.