बार्नेटची ग्रामर शाळा की हॉर्शमचं ख्राइस्ट्स हॉस्पिटल?

लंडनमधल्या एका मैत्रिणीला मुलाच्या सातवीपासूनच्या (तिकडे वय साधारण अकरा) शाळेसाठी या दोनांतून निवड करायची आहे. बार्नेट उत्तर लंडनमध्ये, हॉर्शम दक्षिणेला ससेक्समध्ये. दोन्ही शाळा ट्यूडर काळातल्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या.

खर्चाचं आधी. बार्नेटची क्वीन एलिझाबेथ्स (स्थापना 1573) सरकारी ग्रामर शाळा, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणारी, फी शून्य. मात्र प्रवेशपरीक्षेची चुरस जबरदस्त, त्यामुळे शिकवणीवर बरेच पौंड आधीच जातात, तेही धरायला हवेत. ख्राइस्ट्स हॉस्पिटल खाजगी आणि मुख्यतः निवासी, पण अनेक मुलांची फी पालकांच्या उत्पन्नानुसार कमी होते. 1552 मध्ये राजा सहाव्या एडवर्डच्या काळात ती लंडनच्या गोरगरीब मुलांसाठीच सुरू झाली. तो वसा अजून टिकलाय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

स्वभाव? बार्नेटला अभ्यास एके अभ्यास. 1970च्या दशकात ती सर्वांना खुली झाली होती, 1994 पासून पुन्हा निवड परीक्षा. हॉर्शमला (शाळा तिथे 1902 मध्ये आली) मुलं आजही लांब निळा कोट आणि पिवळे मोजे घालून बँडच्या तालावर जेवायला संचलन करत जातात. हा गणवेश शाळाच देते.

रोजच्या प्रवासाची दगदग बार्नेटला. हॉर्शमला अकराव्या वर्षी घर सोडणं.

गणितात रमणारं, घरी राहू इच्छिणारं मूल असेल तर बार्नेट. उत्पन्न बेताचं, मूल संगीतात रमणारं आणि स्वतंत्र वृत्तीचं असेल तर डोळे झाकून हॉर्शम. मुलगी असेल तर प्रश्नच नाही, बार्नेट फक्त मुलग्यांची.