पोराला रेसर व्हायचंय? मग आधी शार्लटचं नॅस्कार हॉल ऑफ फेम दाखवून आणा

आमचे बाबा कराड डेपोला 31 वर्षं एसटी ड्रायव्हर होते, गेल्या महिन्यात ते आमच्याकडे राहायला आलेत, आणि आमचा मुलगा 12 वर्षांचा, त्याने दोन वर्षांपासून एकच धोशा लावलाय की मला नॅस्कार (अमेरिकेतल्या मोटारींच्या मोठ्या रेस) ड्रायव्हर व्हायचंय. आम्ही राहतो ते अमेरिकेतलं शार्लट म्हणजे या खेळाचं माहेरच, बहुतेक मोठ्या टीम इथे आसपासच आहेत, तरी इतकी वर्षं इथे राहून आम्ही हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या नामवंतांचं हे म्युझियम, आतून बघितलं नव्हतं. शेवटी तिघं एका शनिवारी सकाळी गेलो ते संध्याकाळीच बाहेर पडलो. पाचपैकी पाच स्टार, पण का ते सांगते.

आत शिरलं की पहिला धक्का ग्लोरी रोडचा. वर चढत जाणारा वळणदार रॅम्प, त्यावर वेगवेगळ्या काळातल्या 18 गाड्या ओळीने लावल्यात आणि चालता चालता पायाखालचा रस्ता बाजूला कलत जातो, शेवटी 33 अंशांपर्यंत, म्हणजे टॅलाडेगाच्या प्रसिद्ध रेस ट्रॅकवर खरोखर जितका आहे तितका. टीव्हीवर हा कल कळतच नाही हो! बाबा तिथे बराच वेळ थांबले, कुंभार्ली घाटात आयुष्य गेलेला माणूस, म्हणाले, "अगं यावर नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी तोल जाईल, आणि ही पोरं एकमेकांना चिकटून चालवतात होय?" तिथून पुढे त्यांचा इंटरेस्ट आमच्यापेक्षा जास्त.

माझा सल्ला एकच, ट्रॉफ्या नंतर बघा. आधी प्रत्येक ड्रायव्हरची सुरुवात कुठून झाली ते शोधा, कारण एकाचा रस्ता दुसऱ्यासारखा नाही आणि आई म्हणून मला हेच कळायला हवं होतं. ज्युनियर जॉन्सन घ्या, डोंगरातली चोरटी दारू रात्री गाडीतून पळवत गाडी चालवायला शिकलेला माणूस, 1956 मध्ये शिक्षा झाली, तुरुंगात जाऊन आला, 50 रेस जिंकला आणि 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी माफी दिली. त्याने स्वतःच्या हाताने मांडलेली हातभट्टी तिथे ठेवलीये! रिचर्ड पेटीचं उलट, घरातच रेसिंग, वडील ली पेटी 1959 ची पहिली डेटोना 500 (नॅस्कारची सगळ्यात मानाची रेस) जिंकलेले, पण त्यांनी पोराला 21 वर्षांचा होईपर्यंत रेसमध्ये गाडी चालवू दिली नाही, आणि त्याच पोराने पुढे 200 रेस आणि 7 चॅम्पियनशिप जिंकल्या. हे मी मुलाला दोनदा वाचायला लावलं.

डेल अर्नहार्ट तर इथून जवळच्या कॅनापोलिसचा. नववीत शाळा सोडली, वडीलही रेसर, ते 1973 मध्ये अचानक गेले, 1975 मध्ये शार्लटलाच पहिली मोठी रेस मिळाली पण पूर्ण सीझनची गाडी मिळायला 1979 उजाडलं. मधली वर्षं कर्ज काढून, मिळेल ते काम करून, छोट्या ट्रॅकवर गाडी पळवून काढली. मग 1979 चा सर्वोत्तम नवखा आणि लगेच 1980 चा चॅम्पियन. एकूण 7 वेळा चॅम्पियन, तरी डेटोना 500 जिंकायला 20 वर्षं लागली, 1998 मध्ये जिंकला, आणि 2001 मध्ये त्याच रेसच्या शेवटच्या लॅपमध्ये गेला. मुलगा तिथे एकदम गप्प झाला, मीही काही बोलले नाही, त्याला धोका कळायलाच हवा होता.

बाबांना सगळ्यात भिडला तो वेंडेल स्कॉट. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा टॅक्सी ड्रायव्हर, स्वतःच मेकॅनिक, आणि रेस संपल्यावर गाडी स्वतःच ओढून घरी नेणारा. 1 डिसेंबर 1963 ला जॅक्सनविलची रेस तो जिंकला पण कृष्णवर्णीय म्हणून त्या दिवशी ट्रॉफी दुसऱ्यालाच दिली, मोजणीत चूक झाली असं नंतर मान्य केलं. 1990 मध्ये तो वारला, 2015 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतला आणि घरच्यांच्या हातात ट्रॉफी पडली ती 2021 मध्ये. मी हे मराठीत सांगत होते आणि बाबांनी डोळे पुसले.

शिक्षणावरून घरात वाद असतील तर ॲलन कुल्विकी दाखवा. मेकॅनिकल इंजिनियर, विस्कॉन्सिनहून इथे येऊन स्वतःची छोटी टीम उभी केली, ज्युनियर जॉन्सनने बोलावलं तरी गेला नाही आणि 1992 ची चॅम्पियनशिप फक्त 10 पॉइंटनी जिंकला. त्या सीझनची शेवटची रेस 15 नोव्हेंबरला अटलांटात झाली, त्याच रेसमध्ये रिचर्ड पेटी शेवटचा धावला आणि पुढे खूप मोठा झालेला जेफ गॉर्डन पहिल्यांदा. एका दुपारी एकाचं करियर संपलं, एकाचं सुरू झालं आणि एक शिखरावर पोचला, पण पुढच्याच एप्रिलमध्ये कुल्विकी विमान अपघातात गेला.

मुलं सगळ्यात जास्त रमतात ती सिम्युलेटरवर, रांग लागते म्हणून उघडल्या उघडल्या आधी तिथेच जा. हा नुसता खेळ नाहीये बरं का, विल्यम बायरन याच शहरातला, कॉम्प्युटरवर आयरेसिंग खेळून शिकला, 2012 मध्ये पहिल्यांदा खऱ्या लेजंड्स कारमध्ये (शिकाऊ मुलांची छोटी रेसकार) बसला, 2018 मध्ये कप सिरीजला, म्हणजे नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पोचला आणि 2024, 2025 अशा लागोपाठ दोन डेटोना 500 जिंकला. पिट क्रूचा, म्हणजे रेसमध्ये गाडी थांबली की झटपट टायर बदलणाऱ्यांचा गेमही जरूर करा, कारण तेही करियर आहे, चार टायर बदलून पेट्रोल भरायला साधारण 10 सेकंद, कॉलेजमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळलेले बरेच जण आता हेच काम करतात.

आता पुढचं पाऊल. साधारण क्रम असा की लहानपणी कार्ट नाहीतर बँडोलेरो (मुलांची छोटी रेसकार), मग मोटरसायकलचं इंजिन असलेली छोटी लेजंड्स कार, मग गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर लेट मॉडेल नावाची मोठी रेसकार, मग आर्का ही खालच्या पायरीची सिरीज, मग नॅस्कारची ट्रक सिरीज, मग पूर्वी एक्सफिनिटी म्हणायचे ती सिरीज, आणि 18 पूर्ण झाल्यावर कप. तिथे हक्काच्या जागा फक्त 36. खर्च कसा जमवतात, स्पॉन्सर कसा मिळतो हे कळायला उन्हाळ्यात शार्लट मोटर स्पीडवेवर समर शूटआउट, म्हणजे लेजंड्स आणि बँडोलेरोच्या रेस बघायला जा, आईबाप स्वतः टायर आवळत असतात, छान बोलतात, आम्हाला तिथेच खरी माहिती मिळाली. आणि कुठे क्लासला आगाऊ पैसे भरण्याआधी नीट चौकशी करा, एका ठिकाणी (नाव नाही लिहित) आमचे पैसे गेले आणि पोराला जेमतेम सहा लॅप मिळाले.

जूनमध्ये परत जाणार आहोत, बाबांचं परतीचं तिकीट जुलैचं आहे आणि नातवाला लेजंड्स कारमध्ये बसलेला बघूनच जाईन म्हणतायत.