साठा आणि पाककृती-खर्चाचे सॉफ्टवेअर : वर्षभराच्या वापरानंतर

टेबले भरलेली असूनही महिनाअखेरीस हाती फारसे काही उरत नाही, हा अनुभव रेस्टॉरंट चालवणाऱ्या अनेकांना आला असेल. विक्री वाढली की नफा आपोआप वाढेल, या समजुतीवर मीही बरीच वर्षे काढली. गेल्या वर्षी मात्र बिलिंगला जोडून चालणारे, साठा आणि पाककृतींचा खर्च सांभाळणारे एक सॉफ्टवेअर मासिक वर्गणीवर घेतले. त्यातील काही उणिवा गंभीर आहेत आणि त्या मी सविस्तर मांडणार आहे, म्हणून उत्पादनाचे नाव देत नाही. या वर्गातील कोणतेही सॉफ्टवेअर निवडताना याच बाबी तपासाव्या लागतात.

त्याचे मुख्य काम थोडक्यात असे आहे. प्रत्येक पदार्थाला कोणते जिन्नस किती ग्रॅम लागतात ते एकदा भरून ठेवायचे; मग बिल झाले की तेवढा माल साठ्यातून वजा होतो. हा झाला कागदावरचा खप. दुसरीकडे आपण साठा मोजतो, आणि आरंभीचा साठा अधिक खरेदी उणे अखेरचा साठा या साध्या हिशेबातून प्रत्यक्ष खप मिळतो. या दोन आकड्यांमधील तफावत जिन्नसवार समोर दिसणे, हीच या सॉफ्टवेअरची खरी किंमत आहे. आधी आम्ही केवळ महिन्याची एकूण फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या तुलनेत मालावर झालेला खर्च, पाहत होतो. ती वाढली आहे एवढेच त्यातून कळे. कोठे वाढली, हे कधीच कळत नसे.

सुरुवातीचे काम कष्टाचे आहे आणि विकणारे ते पुरेसे स्पष्ट करत नाहीत. आमच्या सर्व पाककृती वजनात उतरवायला कित्येक आठवडे लागले, कारण ‘अंदाजाने’ हेच स्वयंपाकघरातील खरे माप होते. त्यातच निवडण्या-सोलण्यात जाणाऱ्या मालाचा प्रश्न आला. १ किलो माल आणला आणि साफ केल्यावर ८०० ग्रॅमच उरला, तर वापरण्याजोग्या मालाचा दर खरेदीच्या दराच्या सव्वापट होतो. या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक रकाना आहे, परंतु तो आपणहून १०० टक्के, म्हणजे काहीच वाया जात नाही असे, धरतो. आम्ही पहिले दोन महिने तो तसाच सोडला होता. परिणामी सर्व पदार्थ प्रत्यक्षात होते त्याहून कागदावर स्वस्त दिसत राहिले आणि तफावत विनाकारण फुगली. ही माहिती भरल्याशिवाय पाककृती पूर्णच होऊ नये, अशी सोय त्यात असायला हवी होती.

माहिती नीट भरल्यानंतर मिळालेला पहिला धडा पळीचा होता. एका पदार्थाचे ठरलेले प्रमाण १५० ग्रॅम होते, पण वाढपासाठी वापरली जाणारी पळी भरून घेतली की १६५ ग्रॅम येत होते. १५ ग्रॅमकडे कोणी लक्ष देत नाही. तथापि दिवसाला ८० पोर्शन धरले तर ते १ किलो २०० ग्रॅम होतात आणि ३० दिवसांत ३६ किलो. ग्राहकाने हे अधिकचे मागितले नव्हते, त्याचे पैसेही दिले नव्हते. पळी बदलली आणि वाढपाच्या जागी वजनकाटा ठेवला, एवढाच उपाय करावा लागला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. सॉफ्टवेअर तफावत दाखवते, तिचे कारण सांगत नाही. पुरवठादाराकडून वजनात कमी आलेला माल, चुकीच्या ऑर्डरमुळे पुन्हा बनवलेले पदार्थ, कर्मचाऱ्यांचे जेवण, खराब झालेला साठा आणि चोरी, या सर्वांचा आकडा पडद्यावर एकच असतो. तो पाहून लगेच माणसांवर संशय घेणे घातक आहे. आमच्या मुख्य आचाऱ्यांना सुरुवातीला हा आपल्यावरचा अविश्वास वाटला आणि ते स्वाभाविक होते. अहवाल त्यांच्याच हाती दिले, वाया गेलेल्या मालाची वही त्यांच्याच देखरेखीखाली सुरू केली, तेव्हा पळीचा दोष त्यांनीच शोधून काढला.

सर्वांत मोठी तक्रार पदार्थांच्या रंगांकनाविषयी आहे. फूड कॉस्ट ठरावीक टक्क्यांवर गेली की सॉफ्टवेअर तो पदार्थ लाल करते. समजा, एक पदार्थ १०० ला विकला जातो आणि त्याचा माल २५ चा आहे. दुसरा २०० ला विकला जातो आणि माल ८० चा आहे. पहिल्याची फूड कॉस्ट २५ टक्के, दुसऱ्याची ४० टक्के. म्हणून दुसरा लाल. परंतु पहिला ७५ मिळवून देतो आणि दुसरा १२०. भाडे आणि पगार टक्क्यांनी नव्हे, या उरलेल्या रकमेतून दिले जातात. मिशिगन स्टेट विद्यापीठातील मायकल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या मेनू इंजिनिअरिंगच्या पद्धतीत पदार्थाची लोकप्रियता आणि त्यातून उरणारी रक्कम या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या जातात. ही पद्धत इतकी जुनी आणि सर्वज्ञात असताना तिचा तक्ता या सॉफ्टवेअरमध्ये नसावा, हे खटकते. तो मी दर तिमाहीला स्वतंत्रपणे तयार करतो.

मजुरीचाही हिशेब त्यात नाही. माल आणि मनुष्यबळ मिळून होणारा खर्च विक्रीच्या साधारण ६० टक्क्यांच्या आसपास असावा, असा ठोकताळा या व्यवसायात वापरला जातो. स्वस्त मालाचा पण दोन माणसांचे तास खाणारा पदार्थ या अहवालात उगाचच चांगला ठरतो.

घरपोच ऑर्डरींच्या बाबतीत तर अहवाल थेट दिशाभूल करतो, कारण विक्री पूर्ण किमतीने धरली जाते. १०० च्या विक्रीवर ३२ चा माल गेला तर टेबलावर ६८ उरतात. तीच ऑर्डर घरपोच गेली आणि तिच्यावर डिलिव्हरी अ‍ॅपचे २५ कमिशन आणि ५ पॅकिंगचे गेले तर ३८ उरतात. दोन्ही विक्री एकाच स्तंभात पाहणारा मालक सवलती वाढवत राहील आणि गल्ला का आटतो आहे, हे त्याला समजणार नाही.

साठामोजणीचा पडदा मात्र उत्तम आहे. मालाच्या जागेनुसार यादी लावता येते, त्यामुळे कपाटासमोर उभे राहून क्रमाने मोजता येते. आम्ही सर्वांत महागडे मोजके जिन्नस रोज, उरलेले आठवड्याला मोजतो. महिन्यातून एकदाच मोजणी करणाऱ्याला तफावत कळेपर्यंत तिचे कारण कोणालाच आठवत नाही.

या मोजणीसाठी आणि तफावतीच्या अहवालासाठीच मी वर्गणी पुढे चालू ठेवली आहे. खरेदीपूर्वी प्रात्यक्षिक मागणाऱ्यांनी कंपनीने तयार ठेवलेल्या नमुन्यावर समाधान मानू नये; स्वतःच्या तीन पाककृती, त्यांची साफ केल्यानंतरची वजने आणि एका आठवड्याची खरेदी-बिले सोबत न्यावीत आणि तफावतीचा अहवाल समोर बसून काढून घ्यावा.