टोरंटो रॉक की बफेलो बँडिट्स? मिसिसागाकडे राहून लक्रॉसची टीम निवडायची असेल तर

दर डिसेंबरला, नॅशनल लक्रॉस लीगचा सीझन सुरू झाला की, कॅनडात नवीन आलेल्या कुणातरी आपल्या माणसाचा हा प्रश्न येतोच: टोरंटोजवळच्या मिसिसागात राहून टोरंटोची रॉक धरायची की बॉर्डरपलीकडे अमेरिकेतल्या बफेलोची बँडिट्स. मी दोन्हीकडे जाऊन बसलोय म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. आधीच सांगतो, मी रॉकवाला आहे, तेव्हा माझं माप कुठे झुकतंय ते तुमचं तुम्ही बघा.

ज्यांनी बॉक्स लक्रॉस (या लीगमध्ये खेळतात तो इनडोअर प्रकार) बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टोकाला जाळी असलेल्या काठीने बॉल झेलायचा, फेकायचा आणि गोलमध्ये मारायचा; आइस हॉकीचीच रिंक, बर्फावर हिरवं टर्फ अंथरतात, प्रत्येक बाजूला पाच प्लेयर आणि एक गोली, 15 मिनिटांचे चार क्वार्टर, बॉल ताब्यात आला की 30 सेकंदांत शॉट मारायचा नाहीतर बॉल समोरच्याला. गोल फक्त पावणेपाच फूट रुंद नि चार फूट उंच, आणि त्यात गोली एवढं पॅडिंग चढवून उभा असतो की दाराला गादी टेकवून ठेवल्यासारखं दिसतं, तरी एकेक टीम दहा-बारा गोल सहज करते. बॉल भरीव रबराचा. समोरच्या बोर्डवर आदळला की पहिल्या रांगेतला माणूस दचकतोच, मी आजही दचकतो. आणि खेळ चालू असताना गाणी जोरजोरात वाजतच असतात, गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्याला त्याचं काही वाटणार नाही पण आईबाबा आलेले असतील तर कापूस बरोबर असू द्या.

आता टीम. कागदावर बघाल तर फरक फार नाही. बँडिट्सच्या सात चॅम्पियनशिप (1992, 1993, 1996, 2008 आणि मग 2023, 2024, 2025 अशा लागोपाठ तीन), रॉकच्या सहा (1999, 2000, 2002, 2003, 2005, 2011). वर्षं नीट बघितली की गोष्ट कळते. रॉकचं सगळं वैभव पहिल्या बारा-तेरा वर्षांतलं, बँडिट्सचं आत्ताचं.

गंमत म्हणजे दोघांच्याही सुरुवातीच्या वैभवामागे माणूस एकच, कोच लेस बार्टली. बफेलोला पहिल्या तीन ट्रॉफ्या त्याने दिल्या, मग तो इकडे आला आणि रॉकला चार दिल्या. 2005 मध्ये कॅन्सरने गेला, लीगचा बेस्ट कोचचा अवॉर्ड आता त्याच्याच नावाने देतात. तेव्हा दोन्हीकडच्या फॅन्सनी एकमेकांना कितीही शिव्या घातल्या तरी जुनी पुण्याई सामाईकच आहे.

रॉकचा प्रॉब्लेम घराचा आहे. 1998 ला टीम सुरू झाली ती हॅमिल्टनला, ऑन्टॅरिओ रेडर्स या नावाने. पुढच्याच वर्षी टोरंटोत मेपल लीफ गार्डन्स या जुन्या अरीनात आली, नाव बदललं आणि पहिल्याच झटक्यात चॅम्पियन. 2000 ची फायनल रॉचेस्टरशी, 13-13 असताना अगदी शेवटच्या क्षणी कॅलेब टोथने गोल मारून जिंकून दिली, आणि त्या जुन्या गार्डन्समधली ती शेवटची प्रोफेशनल मॅच ठरली. जुने फॅन अजून तो गोल हातवारे करून सांगतात. नंतर बरीच वर्षं डाउनटाउनचं मोठं अरीना, मग 2021-22 पासून परत हॅमिल्टन, मग ते अरीना रिनोव्हेशनला काढलं म्हणून 2024-25 चा सीझन आपल्या मिसिसागात. म्हणजे नाव टोरंटो आणि बिऱ्हाड पाठीवर. तिकीट काढताना पत्ता वाचा, टीमच्या नावावर जाऊन डाउनटाउनची ट्रेन पकडू नका.

बँडिट्सचं तसं नाही. 1992 पासून बफेलो एके बफेलो, अरीना एकदाच बदललं तेही गावातल्या गावात. आणि जॉन टावारेस नावाचा माणूस (टोरंटोच्या मेपल लीफ्स टीमकडून आइस हॉकी खेळणाऱ्या, त्याच नावाच्या टावारेसचा काका तो हाच) पहिल्या सीझनपासून 2015 पर्यंत, 24 सीझन, तिथेच खेळला, 815 गोल मारले, आणि आता त्याच टीमचा हेड कोच आहे, त्या लागोपाठच्या तीन ट्रॉफ्या त्याच्याच हाताखाली आल्या. एवढं एका जागी मुरलेलं असलं की पब्लिक पण तशीच तयार होते. अरीनात 19 हजारांच्या वर माणसं बसतात, मोठ्या मॅचला वरपर्यंत नारिंगी नि काळं भरलेलं असतं, आणि गोल झाला की खुर्ची हलते असं वाटतं. रॉकच्या मॅचला मजा येते, पण हे असलं मी इकडे बघितलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

वर आणखी मीठ चोळायचं तर 2022, 2023 आणि 2024, तिन्ही वर्षं रॉकला फायनलच्या दारातून बफेलोनेच परत पाठवलं.

मग निवडायचं काय? इंडियन पासपोर्ट असेल आणि यूएस व्हिसा नसेल तर प्रश्नच मिटला, रॉक. लहान मुलं असतील, पहिल्यांदाच बघणार असाल, तरी रॉकच, कारण मॅच संपल्यावर तासाभरात घरी येऊन वरणभात खाता येतो. व्हिसा आहे, गाडीला स्नो टायर आहेत, ट्रॅफिक नसेल तर दीड-दोन तासांचं ड्राइव्ह चालतं, तर एकदा बफेलोला जाच, फक्त जानेवारीत वेदर बघितल्याशिवाय निघू नका, लेकवरून येणारा स्नो तिकडे कुणाचं ऐकत नाही आणि पूल ओलांडून परत येताना बॉर्डरच्या लायनीत मुलं मागच्या सीटवर रडतात ते वेगळं. प्लेऑफ असेल तर मात्र बिनधास्त बफेलो, हे रॉकवाला असून सांगतोय.

आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी मुलांना लक्रॉसची सवय लावायची म्हणत असाल तर, तिथे सिक्सेस म्हणून वेगळा प्रकार आहे, उघड्या मैदानावर, बॉक्स नव्हे. लक्रॉसला ऑलिंपिकमध्ये घ्यायचा निर्णय झाला मात्र आपल्या मुंबईत, ऑक्टोबर 2023 च्या ऑलिंपिक कमिटीच्या मीटिंगमध्ये, क्रिकेटबरोबर एकाच झटक्यात. आपल्याकडे तेव्हा सगळे क्रिकेटबद्दलच बोलत होते.

आमच्या घरी सध्या धाकटा बँडिट्सची नारिंगी टोपी मागतोय. अजून घेतलेली नाही.