दोन सेलचा कॅमेरा आणि कासचं पठार: चार्जिंगच्या पेन्सिल सेलचा वापरानंतरचा अनुभव

कॅमेरा जुना आहे, हे आधीच सांगते. कॅनन पॉवरशॉट एसएक्स१६० आयएस, २०१२ सालचं मॉडेल, १६ मेगापिक्सेल, १६ पट झूम. धाकट्या दिरांनी मोबाइल घेतल्यापासून तो कपाटात पडून होता, तो मी मागून घेतला. पोटात दोन पेन्सिल सेल लागतात, म्हणजे डबल ए. रिमोटमधले बारीक नव्हेत. इथे मी लिहिणार आहे ते मुख्यतः त्या दोन सेलबद्दल, कारण हाच कॅमेरा एका प्रकारच्या सेलवर दर पंधरा मिनिटांनी रडतो आणि दुसऱ्या प्रकारच्या सेलवर दिवसभर बिनतक्रार चालतो.

माझा वापर म्हणजे कासची फुलं. साताऱ्यातून यवतेश्वराच्या घाटाने पंचवीसेक किलोमीटर. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत जमेल तेव्हा जायचं. बाकी वर्षभर घरची बारशी, गणपती, कधी ठोसेघर, कधी सज्जनगड. म्हणजे दोन महिने धो धो वापर आणि मग आठवडेच्या आठवडे कॅमेरा पिशवीत. सेल निवडताना ही दुसरी गोष्टच जास्त महत्त्वाची ठरली, पण तिच्याकडे नंतर येते.

फुलांच्या फोटोत सेल कसा खर्च होतो ते मोबाइलवाल्यांना पटत नाही. सीतेची आसवं घ्या. जमिनीलगत वाढणारी, नखाएवढी जांभळी-निळी फुलं. या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, जे काही ते मागच्या पडद्यावर. गुडघे चिखलात टेकायचे, फ्रेम लावायची आणि वारा थांबायची वाट बघायची. पठारावर वारा थांबत नाही. तेवढा वेळ पडदा चालू, फोकस पुन्हा पुन्हा जुळवला जातोय, फोटो हलू नये म्हणून आतली भिंगं सारखी सरकतायत. पाच मिनिटं गेली, फोटो एकही नाही, आणि सेल मात्र उतरतोय. त्यात ढग बाजूला होऊन ऊन पडलं की पडद्यावर काही दिसत नाही म्हणून ब्राइटनेस पूर्ण वर. त्यामुळे 'एका चार्जमध्ये इतके फोटो' हा हिशेब मी सोडून दिला. पडदा किती वेळ चालू राहिला, तो खरा हिशेब.

तरी कंपनीच्या पुस्तिकेतला एक आकडा उपयोगी आहे. या कॅमेऱ्याला एकदा वापरून टाकायच्या साध्या अल्कलाइन सेलवर १४० फोटो आणि चार्जिंगच्या निकेल मेटल हायड्राइड सेलवर ३८० फोटो दिलेत. ही मोजणी 'सिपा' या जपानी संघटनेच्या पद्धतीची असते: दर दुसऱ्या फोटोला फ्लॅश, मध्ये मध्ये झूम मागेपुढे, असं ठरावीक. माझा वापर तसा नाही, म्हणून १४० नि ३८० हे आकडे मला जसेच्या तसे कधी मिळणार नाहीत. पण कॅमेरा तोच, चाचणी तीच, आणि फरक अडीचपटीहून जास्त. हे प्रमाण मला माझ्या वापरातही साधारण तसंच जाणवलं.

गंमत अशी की सेलवर छापलेलं बघितलं तर उलटं वाटतं. अल्कलाइन १.५ व्होल्ट, चार्जिंगचा १.२. पोवई नाक्याजवळच्या एका दुकानदाराने मला ठासून सांगितलं, "ताई, चार्जिंगच्या सेलला करंट कमी असतो, कॅमेऱ्याला पुरत नाही. हा घ्या, मोठ्या कंपनीचा." त्यांनी पुढे केलेला अल्कलाइन चांगल्याच कंपनीचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण १.५ हे नव्या, स्वस्थ बसलेल्या सेलचं व्होल्टेज. अल्कलाइनचा आतला रोध जास्त असतो. लेन्स बाहेर येताना किंवा फ्लॅश भरताना कॅमेरा एकदम मोठा करंट ओढतो आणि त्या क्षणी अल्कलाइनचं व्होल्टेज धाडकन खाली बसतं. शिवाय वापरागणिक ते सतत उतरतच जातं. चार्जिंगचा सेल सुरुवातीपासून १.२ च्या आसपास असतो, पण जवळपास शेवटपर्यंत तिथेच टिकतो आणि ओढ पडली तरी फारसा दबत नाही. कॅमेरे या १.२ साठी बनवलेलेच असतात. पुस्तिकेत कंपनीने स्वतः असे सेल सुचवलेत ते उगाच नाही.

याचा पुरावा आमच्या स्वयंपाकघरात टांगलाय. कॅमेऱ्याने 'बॅटरी बदला' म्हणून नाकारलेले अल्कलाइन मी भिंतीवरच्या घड्याळात घालते. ते पुढे कित्येक महिने चालतं. सेल संपलेला नसतो, कॅमेऱ्याला हवा तसा झटका देण्याची त्याची ताकद संपलेली असते. टपरीवर मिळणारे साधे झिंक कार्बनचे सेल तर घड्याळ-रिमोटपुरतेच. ते या कॅमेऱ्यात घातले की लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबते, किंवा कॅमेरा उघडतच नाही.

आता कोणते चार्जिंगचे सेल. माझ्याकडे दोन प्रकार वापरून झालेत. पहिले एका स्वस्त ब्रँडचे, वेष्टनावर ठसठशीत २८०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप. चार्जरमधून काढून लगेच वापरले तर बरे चालायचे. पण शनिवारी चार्ज करून ठेवले आणि पुढच्या आठवड्यात कोणाच्या बारशाला घेऊन गेले की पाळण्याजवळच मान टाकायचे. भाच्याकडे डिस्प्लेवाला चार्जर आहे, तो सेल पूर्ण उतरवून क्षमता मोजतो. त्यावर लावले तर छापील आकड्याच्या जवळपासही नाहीत. डबल ए आकाराच्या निकेल मेटल हायड्राइडमध्ये खरोखर २५०० ते २७०० च्या पुढे जागा नसते. ३००० च्या वरचा आकडा दिसला की सेल खाली ठेवून पुढे जावं.

दुसरे पांढऱ्या वेष्टनातले एनेलूप. छापलेला आकडा साधा २००० चा, किमान १९००. दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर कोणीही २८०० वाला उचलेल. पण या जातीच्या सेलचा खरा गुण आकड्यात नाही, तो पडून राहण्यात आहे. जुन्या पद्धतीचा चार्जिंगचा सेल नुसता ठेवला तरी महिन्याभरात पाव हिस्सा सहज गमावतो, गरम हवेत त्याहून जास्त. सान्यो कंपनीने २००५ मध्ये एनेलूप आणले ते नेमकं हे गळणं कमी करून. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली, म्हणून आता वेष्टनावर पॅनासॉनिक लिहिलेलं असतं. कंपनीचा दावा आहे की भरून ठेवलेला पांढरा सेल दहा वर्षांनीही ७० टक्के चार्ज राखतो. दहा वर्षांचं मी सांगू शकत नाही, पण दिवाळीला भरून ठेवलेली जोडी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला थेट कॅमेऱ्यात घातली आणि अख्खा कार्यक्रम काढला, एवढं नक्की. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तर हे फारच सोयीचं. पहाटे कासला निघायचं आणि रात्रभर लाइट नाही, तरी डब्यातली जोडी तयार असते.

याच कंपनीचा काळ्या वेष्टनातला प्रो प्रकारही आहे, अडीच हजारांच्या आसपासचा. रोज वापरणाऱ्या फोटोग्राफरला ठीक. मला तो घ्यावासा वाटला नाही. पांढऱ्याला २१०० वेळा चार्ज होण्याचा दावा, काळ्याला ५००. पडून राहण्यातही पांढरा सरस. जास्तीच्या पाचशे एमएएचसाठी एवढं सोडण्यापेक्षा खिशात दुसरी पांढरी जोडी बरी.

चार्जरवर मात्र काटकसर नको. वापरापेक्षा चार्जरच सेल मारतो. स्वस्त चार्जर दोन सेल जोडीने भरतात आणि ठरावीक तास झाले की थांबतात, किंवा थांबतच नाहीत. जोडीतला एक अर्धा भरलेला असेल तर तो वेळेआधी भरून पुढे तापत राहतो. चांगला चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघतो. सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं, तो क्षण पकडून थांबतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे एकच सेल घालून बघा. एकट्या सेलला दिवा लागला नाही, दोन घातल्यावरच लागला, तर तो चार्जर घेऊ नका. चार्ज होताना सेल कोमट होतात ते चालतं. हातात धरवत नसतील तर काहीतरी बिघडलंय.

जोड्या पाळणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा नियम. कॅमेऱ्यात दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक भरलेला आणि एक अर्धा घातला की अर्धा आधी रिकामा होतो, आणि भरलेला त्याच्यातून करंट ढकलत राहतो. असं उलटं चार्जिंग झालेला सेल पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून माझ्या जोड्यांवर अ, ब, क लिहिलंय. मार्करने लिहिलेलं बोटांच्या घामाने पुसलं जायचं, आता लेकीच्या नेलपेंटने लिहिते. लाल रंग पांढऱ्या वेष्टनावर ठळक दिसतो आणि टिकतो. भरलेली जोडी डबीत अधिकची (+) टोकं वर करून, वापरलेली ती टोकं खाली करून. धुक्यात चष्मा ओला झालेला असताना हे कामी येतं. डबी हवीच, सुटे सेल किल्ल्यांबरोबर पर्समध्ये टाकले तर दोन्ही टोकं धातूने जुळून सेल भाजण्याइतका तापू शकतो.

कासच्या ओलसर हवेत आणखी एक त्रास होतो. भरलेले सेल घालूनही कॅमेरा 'बॅटरी बदला' म्हणतो. बहुतेक वेळा सेलची टोकं आणि कॅमेऱ्यातल्या पट्ट्या मळलेल्या असतात. सेलची टोकं कोऱ्या खोडरबरने घासायची, पट्ट्या कोरड्या सुती कापडाने पुसायच्या, बस्स. दिरांनी कपाटात टाकताना आत अल्कलाइन तसेच ठेवले होते, त्यांना पाणी सुटून एका पट्टीवर पांढरी खर जमली होती. ती कान साफ करायच्या काडीवर लिंबाचा रस अगदी थेंबभर घेऊन निघाली. अल्कलाइनचा पाझर क्षारधर्मी असतो, आंबट लागलं की सुटतो. नंतर ओलसर कापड, मग कोरडं, मग दिवसभर झाकण उघडं. महिनाभर कॅमेरा लागणार नसेल तर सेल बाहेर काढूनच ठेवा, कुठल्याही कंपनीचे असोत.

दोन पर्याय थोडक्यात. एक, लिथियमचे एकदाच वापरायचे डबल ए. दीड व्होल्ट, वजनाला १५ ग्रॅम (माझा चार्जिंगचा सेल २७ च्या आसपास), ठेवले तर वीस वर्षं टिकतात असं कंपनी सांगते, थंडीतही दबत नाहीत. महाग आहेत आणि संपले की टाकायचे. एक जोडी मी पिशवीच्या तळाशी न फोडता ठेवलीय. दोन, हल्ली मिळणारे यूएसबीचे दीड व्होल्टचे लिथियम आयन सेल. भाच्याचे घालून पाहिले. शेवटपर्यंत पूर्ण दीड व्होल्ट देतात आणि मग बटण दाबल्यासारखे बंद होतात. लेन्स बाहेर असतानाच बंद झाले तर ती तशीच बाहेर राहते, आणि धुक्यात, रेनकोट सावरत ते निस्तरणं मला नको. माऊसला, टॉर्चला उत्तम.

मैत्रिणीच्या छोट्या कॅमेऱ्यात चपटी लिथियम आयन बॅटरी आहे. कॅमेरा माझ्यापेक्षा पातळ, आणि हातात घेतला की हेवा वाटतो. पण मॉडेल बंद झालंय, मूळ बॅटरी मिळत नाही, आणि डुप्लिकेट एकदा फुगून कप्प्यात अडकली होती. अशी बॅटरी टोकदार वस्तूने उचकटायची नसते, आतला थर फुटला तर पेट घेते. ज्यांच्याकडे अशा बॅटऱ्या आहेत त्यांनी महिनोन्महिने ठेवताना पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्यावर ठेवावी, आणि विमानात जास्तीची बॅटरी हातातल्या सामानात न्यावी.

सध्याची स्थिती अशी: अ आणि ब जोडी पहिल्यासारखीच, क थोडी मागे पडलीय. तिच्यातला एक सेल चार्जरमध्ये नेहमी लवकर भरतो, म्हणजे त्याची क्षमता घटली. ती जोडी मी टॉर्चला दिली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने चार पांढरे सेल आणि प्रत्येक सेल वेगळा भरणारा चार्जर एवढंच घ्यावं. चार सेलचा कॅमेरा असेल तर आठ. निकॉनच्या एल मालिकेतला कॅमेरा असेल तर मेन्यूत बॅटरीचा प्रकार बदलायला विसरू नका. तिथे अल्कलाइन निवडलेलं राहिलं तर चार्जिंगचे सेल अजून बरेच भरलेले असतानाही कॅमेरा ते संपले असं दाखवू लागतो.