मध्यंतरापर्यंत लाख भूत : 'भूतनाथ' दुसऱ्यांदा पाहताना

'भूतनाथ' मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा मे २००८ मध्ये, थेटरात, सोबत माझा मुलगा. दुसऱ्यांदा यंदाच्या सुट्टीत, घरी टीव्हीवर, सोबत त्या मुलाचा मुलगा, वय वर्षं सात. पहिल्या वेळी मी दुसऱ्या अर्ध्या भागात पदर ओला होईस्तोवर रडले होते. या वेळी त्याच ठिकाणी मला राग आला. तेव्हा हे परीक्षण सिनेमाचं आहे की माझं, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

त्या मे महिन्यात पहिलंवहिलं आयपीएल चालू होतं आणि आमचे हे संध्याकाळी सोफा सोडायला तयार नव्हते. मुलगा ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला जाणार होता. घरात बॅगांची वजनं चाललेली. म्हटलं, चल, दोघंच जाऊन येऊ, लहान मुलांचा हलकाफुलका आहे म्हणतात. हलकाफुलका! अमेरिकेला गेलेला मुलगा, मागे राहिलेले आईबाप, रिकामं घर. मी रडतेय आणि शेजारी चिरंजीव पॉपकॉर्नच्या पुड्याच्या तळाशी बोटं फिरवत बसलेत. बाहेर पडल्यावर रिक्षात बसेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. गोव्यातला एक जुना बंगला, नाथ व्हिला. बाप जहाजावर नोकरीला, तो कामावर गेला की आई आणि सात-आठ वर्षांचा बंकू दोघंच. बंगल्यात भूत आहे अशी गावभर बोलवा. आईने मुलाला सांगून ठेवलंय की भूतबित काही नसतं, असतात ते एंजल. म्हणून भूत खरोखर समोर येऊन उभं राहिलं, तरी कार्टं घाबरतच नाही. भूत अमिताभ बच्चन, आई जुही चावला, बंकू अमन सिद्दीकी. शाहरुख खान बापाच्या भूमिकेत पाहुण्यासारखा येतो, छान हसतो आणि बोटीवर निघून जातो. दिग्दर्शक विवेक शर्मा.

ही कल्पना मुळात ऑस्कर वाइल्डची, 'द कँटरव्हिल घोस्ट' या १८८७ सालच्या कथेतली. तिथे इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यात एक अमेरिकन कुटुंब राहायला येतं. वाड्यातलं तीनशे वर्षांचं भूत रात्री साखळदंड खळखळवत फिरतं, तर घरमालक दार उघडून त्याला वंगणाची बाटली देतो, म्हणतो साखळ्यांना तेल घाला, झोपमोड होते. जमिनीवरचा रक्ताचा डाग ते लोक डाग काढायच्या कांडीने पुसतात आणि भूत बिचारं रोज मुलीच्या रंगपेटीतले रंग चोरून तो पुन्हा रंगवतं. लाल संपल्यावर हिरवा. भूत घाबरवतंय आणि समोरचा घाबरतच नाहीये, यात जे काही विनोदाचं बियाणं आहे ते सगळं वाइल्डने तिथेच पेरून ठेवलंय. 'भूतनाथ'चा पहिला अर्धा भाग म्हणजे त्याच बियाण्याचं आपल्या मातीतलं पीक, आणि ते बरं आलंय.

आमच्या नातवाला सगळ्यात काय आवडलं, तर भूत दमतं ते. डोळे वटारून होतात, घुमणारा आवाज काढून होतो, एवढी मेहनत करून शेवटी समोरचं पोर उलट त्यालाच प्रश्न विचारतं. त्या क्षणी बच्चनच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं आहे. मी तेहेतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. दुसरीच्या वर्गात शेवटच्या तासाला छडी आपटून झाल्यावर एखादा मुलगा शांतपणे विचारतो, "बाई, तुम्ही दमलात का?" तेव्हा आपला होतो तो. पासष्ट वर्षांचा नट, विस्कटलेले केस, चेहऱ्यावर राखेसारखा रंग, आणि भूमिका एका सात वर्षांच्या पोराकडून हरायची. तो खरंच हरतो. आपला मोठेपणा सांभाळून हरत नाही, पार हरतो.

अमन सिद्दीकी मला तेव्हाही आवडला होता, आताही आवडला. आपल्या सिनेमातली मुलं बहुतेक वेळा स्नेहसंमेलनात पाठ केलेलं भाषण म्हणावं तशी बोलतात, वाक्य संपलं की नजर विंगेत. या पोराचं तसं नाही. तो ऐकतो. समोरचा बोलत असताना ऐकायचं, हे मोठ्या नटांना जमत नाही. त्याचा आगाऊपणाही खरा आहे. चहाच्या कपात बोट घालून बघणारं मूल असतं ना, त्या जातीचा.

शाळेतले प्रसंग मात्र मला झेपले नाहीत. सतीश शाह यांनी केलेला प्राचार्य पोरांचे डबे खातो. नातू खो खो हसला, मी नाही. डब्यावर डोळा ठेवणारे शिक्षक मी पाहिलेत, पण त्यांची पद्धत वेगळी असते हो. ते हिसकावत नाहीत. "अरे वा, आज थालीपीठ?" एवढंच म्हणतात, आणि पोरगं आपणहून डबा पुढे करतं. विनोद त्यात आहे. राजपाल यादवचा दारुडाही असाच, आला की आवाज वाढतो, गेला की काही आठवत नाही. पण शाळेच्या खेळांच्या वेळचा एक धागा चांगला आहे. बंकूला जादूने जिंकायचंय, आणि भूत म्हणतं, जादूबिदू नाही, तुझं तू धाव. इथे नातू उठून बसला. त्याला हा सरळसरळ विश्वासघात वाटला. "मग भूत मित्र असून उपयोग काय?" बराच वेळ तो धुमसत होता, आणि मला वाटतं लहान मुलांच्या सिनेमात एवढं व्हायलाच हवं.

आता गोव्याबद्दल एक तक्रार. माझं आजोळ पेडण्याकडचं. गोव्यात भुताखेतांची काय कमी आहे? तिथे गावागावाला राखणदार आहे, कुणी त्याला देवचार म्हणतं. खांद्यावर कांबळं, हातात काठी, रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो. त्याला रोट ठेवतात, विडी ठेवतात, सूर म्हणजे माडीही ठेवतात. रात्री वाट चुकलेल्याला घराशी आणून सोडतो म्हणतात. माझी आजी त्याच्याबद्दल असं बोलायची जसं पोस्टमनबद्दल बोलावं. म्हणजे घाबरवणारं नव्हे तर सांभाळणारं भूत गोव्याच्या मातीत आयतं होतं! या सिनेमाने समुद्र, नारळ आणि लाकडी जिना एवढाच गोवा घेतला. भूत आणलं ते हिंदी सिनेमाच्या दिवाणखान्यातलं.

आणि ते नेमकं कुठल्या दिवाणखान्यातलं, हे मध्यंतरानंतर कळतं. निर्मिती बी. आर. चोप्रांच्या संस्थेची. त्याआधी पाच वर्षं, २००३ मध्ये, याच घरातून मुलांनी दूर लोटलेल्या आईबापांचा 'बागबान' आला होता, याच बच्चनला घेऊन. तो पाहून आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बायकांनी आपापल्या सुनांकडे महिनाभर संशयाने पाहिलं होतं. 'भूतनाथ'चा दुसरा अर्धा भाग म्हणजे 'बागबान'चंच पिशाच्च. भूत म्हणजे कैलाशनाथ, या घराचा मालक. मुलगा विजय अमेरिकेत शिकला, तिथेच स्थिरावला. आता तो घर विकायला निघालाय. मग मागची गोष्ट उलगडते, म्हातारा जिन्यावरून पडून गेला ते दिसतं, आणि थेटरातल्या सगळ्या आया पर्स उघडून रुमाल शोधायला लागतात.

२००८ मध्ये मीही शोधला. पण या वेळी शेजारी नातू होता, तो इथली गोष्ट कोरी करकरीत बघत होता. त्याचा बाप विजयसारखाच तिकडे राहतो, हे त्याच्या लेखी अगदी साधं आहे, कारण तो स्वतःही तिकडेच राहतो. त्याने विचारलं, "आजी, त्या काकाला काय झालंय? तो बॅड का आहे?"

मी म्हटलं, "तो आईबाबांना सोडून गेला ना."

"पण बाबापण गेला."

"हो, पण बाबा फोन करतो."

"मग भूताने फोन का नाही केला?"

मी पॉज दाबून पाणी प्यायला उठले. खरंच, विजयला या सिनेमात स्वतःच्या बाजूने बोलायला एक धड वाक्य दिलेलं नाही. प्रियांशू चटर्जी बिचारा कपाळाला आठ्या घालून उभा. तो का गेला, तिकडे त्याचं कसं चाललं, आई गेल्यावर त्याला काय वाटलं, कशाचा पत्ता नाही. सगळी कैफियत बापाच्या तोंडून, तीही बच्चनच्या आवाजात. त्या आवाजापुढे कुठला मुलगा निर्दोष सुटणार? वाइल्डच्या भुताने बायकोचा खून केलेला असतो, तरी तो त्याच्यावर हसतो आणि मग हळूच त्याच्यासाठी वाईटही वाटायला लावतो. इथल्या भुताने आयुष्यात एक चूक केलेली नाही. असं भूत विनोदी कसं राहणार? ते गुरुजी होतं. पहिल्या भागात पोराकडून हरणारं भूत दुसऱ्या भागात सगळ्यांना हरवत सुटतं, आणि बंकू नुसता ऐकत बसतो. मला राग आला तो इथे. त्या पोराचा सिनेमा मोठ्यांनी काढून घेतला.

शेवटाकडे बंकू भुतासाठी श्राद्ध करतो, त्याला गती मिळावी म्हणून. रक्ताचं नातं नाही, गोत्र नाही, आणि एवढंसं पोर विधीला बसलंय, याचं सिनेमात फार कौतुक आहे. मला मात्र वडील आठवले. पितृपंधरवड्यात ते तर्पणाला बसले की वडील, आजोबा, पणजोबा, मामा, मावशा असं करत करत गुरू आणि सखा यांच्यापर्यंत यायचे. सगळ्यात शेवटी जे बांधव आहेत, जे नाहीत, जे दुसऱ्या कुठल्या जन्मी होते, त्या सगळ्यांना पाणी. वडिलांची एक ओंजळ शाळेतल्या एका मित्रासाठी असायची, विहिरीत बुडून गेलेल्या. त्याचं नाव घेताना त्यांचा आवाज बदलत नसे, फक्त पळी थोडी जास्त वेळ हातात राहायची. म्हणजे मित्रासाठी पाणी सोडणं हे आपल्याकडे बंड नव्हे, ते यादीतच आहे. सिनेमाला हे ठाऊक असतं तर तो प्रसंग निम्म्या आवाजात आणि दुप्पट चांगला झाला असता. तरीही त्या पोराचा चेहरा बघताना घशाशी आलं, खोटं कशाला बोलू.

बाकीचं पटापट. विशाल-शेखरचं संगीत, गाणी जावेद अख्तरांची. बच्चनने स्वतः गायलेलं 'मेरे बडी' नातवाने दोन दिवस गुणगुणलं, मला दुसऱ्या दिवशी नको झालं. कॅमेऱ्याच्या करामती आता जुनाट दिसतात, आजकालची पोरं फोनवर त्याहून बरं करतात. जुही चावला आई म्हणून इतकी सहज आहे की तिचं काम लक्षातच येत नाही. एकटीने पोर वाढवणाऱ्या बाईची ती सततची घाई तिने बरोबर पकडलीय, एक कान गॅसकडे, एक पोराकडे.

भीती वाटते का, असं आमच्या शेजारच्या सूनबाईंनी विचारलं. तिची मुलगी पाच वर्षांची. सुरुवातीचे अंधारातले प्रसंग सोडले तर भुताची नाही वाटत. वाटली तर बाप जिन्यावरून पडतो त्याची वाटते, आणि आजोबा मरतात या गोष्टीची. आमच्याकडे रात्री झोपताना "आजोबा जिना नीट उतरतात ना?" अशी चौकशी झाली. आमच्या घराला जिना नाही, लिफ्ट आहे. तरी झाली. पाचच्या आतल्या मुलांना मध्यंतरापर्यंत दाखवा आणि लाइट गेले म्हणून सांगा.

पुढचा भाग 'भूतनाथ रिटर्न्स' २०१४ मध्ये आला, नितेश तिवारीचा. भुतांच्या दुनियेत कैलाशनाथाची टर उडवली जाते, एका पोराला घाबरवता आलं नाही म्हणून, आणि तो परत पृथ्वीवर येतो. तिथे भेटतो धारावीतला अखरोट, आणि भूत चक्क निवडणुकीला उभं राहतं, बोमन इराणीच्या पुढाऱ्यासमोर. अखरोट झालाय आपला पार्थ भालेराव. तो पोरगा एकेक वाक्य असं फेकतो की बच्चनला खरोखर उत्तर शोधावं लागतंय असं वाटतं. लांबण लागते, भाषणं तिथेही आहेत, पण पोराकडून सिनेमा काढून घेतलेला नाही. मोठ्या मुलांना तो आधी दाखवला तरी चालेल.

मुलगा पुढच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "आई, तो दाखवलास त्याला? अगं, मला थेटरात किती कानकोंडं झालं होतं." म्हणजे आठवत होतं तर. "मग तेव्हा बोलला का नाहीस?" म्हटलं. तो म्हणाला, "तू रडत होतीस. काय बोलणार?" मग आम्ही बराच वेळ बोललो, सिनेमाबद्दल कमी.

सिनेमा पाहिला त्याच रात्री नातवाला मी आजोळच्या राखणदाराची गोष्ट सांगितली होती, रोटासकट. सूर तेवढी वगळली. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर, लिफ्टच्या बाजूला, पेपर नॅपकिनवर अर्धं पार्ले-जी. अर्धं का, विचारलं. "उरलेलं मी खाल्लं. तो एकटाच आहे ना, त्याला पुरे." मी ते उचललं नाही. दुपारपर्यंत मुंग्यांनी फडशा पाडला, आणि संध्याकाळी रिकामा नॅपकिन बघून आमच्याकडे जो आरडाओरडा झाला तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.